व्ही-थ्री तोंडपाठ आहे, पण वापरायचं कुठे?

निवांत_पाटी:
तालुक्याच्या गावी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. मुलं मराठी माध्यमाची, आठवी ते दहावी. मागच्या बाकांवर स्पर्धा परीक्षावाले दादा लोकही असतात. क्रियापदांचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ. 'गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन' सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही. पण "खिडकी फुटली आहे" याचं इंग्रजी करा म्हटलं की "द विंडो इज ब्रेक". "मी जेवलोय" म्हणजे "आय ॲम ईट".

पुस्तकात पास्ट पार्टिसिपलचे (व्ही-थ्री, म्हणजे तक्त्यातलं तिसरं रूप) उपयोग दिलेत: हॅव-हॅज-हॅडच्या पुढे, पॅसिव्हमध्ये 'बी'च्या पुढे, आणि नामाआधी विशेषण म्हणून. एवढं सांगून कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता? आधी पाठांतर की आधी वापर? मला वाटतं, मराठीतल्या '-लेला'पासून सुरुवात करावी. फुटलेली खिडकी, लिहिलेलं पत्र, शिजवलेला भात. यात पुढे कुठे फसायला होतं का, ते जाणकारांनी सांगावं.

चिंचोका:
आमच्या शाळेत हे प्रात्यक्षिकासह शिकवलं जायचं. बीट-बीट-बीटन.

खडूस_मास्तर:
चिंचोका, तरी बरं, अजून लक्षात आहे!

पाटीताई, पाठांतराला नावं ठेवायची हल्ली रीत पडली आहे. 'थिंक'चं 'थॉट' कुठल्या नियमानं काढणार? पाढ्यांसारखंच आहे हे. सतरा साते बोटांवर मोजत बसलात तर दुकानदार गंडवून मोकळा होईल. फक्त तो तक्ता एबीसीडीच्या क्रमानं देऊ नका, तो क्रम छापणाऱ्याच्या सोयीचा असतो. मी नोकरीभर कुळं पाडून द्यायचो. तिन्ही रूपं सारखी: कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट, लेट, सेट. दुसरं-तिसरं सारखं: कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट. पहिलं-तिसरं सारखं: कम-केम-कम, रन-रॅन-रन. तिन्ही निराळी: सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, राइट-रोट-रिटन. आणि 'बीट' आपल्या कुळात जवळजवळ एकटं: पहिलं-दुसरं सारखं, तिसरं वेगळं. कुळ कळलं की निम्मं ओझं उतरतं.

रेघोट्या:
मास्तर, हे कट-पुट-हिट इतके आळशी का? तिन्ही काळांत एकाच कपड्यात?

बर्लिनकर:
रेघोट्या, मास्तरांची ती यादी मोठ्यानं वाचा. प्रत्येक क्रियापद 'ट'नं संपतंय. बाकीची 'स्प्रेड', 'शेड' वगैरे 'ड'वर संपतात. भूतकाळाचा प्रत्ययही ट-ड याच घरातला. जुन्या इंग्रजीत 'सेट'चा भूतकाळ 'सेट्टे' असा होता. पुढे शब्दाच्या टोकाचे स्वर झडले, दोन 'ट'चा एक झाला आणि प्रत्यय धातूत विरघळला. 'रीड'चं थोडं निराळं, लिहायला सारखं पण दुसरं-तिसरं रूप वाचायचं 'रेड'.

मास्तरांच्या तक्त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जर्मन शिकताना. सिंग-सँग-संग पाठ होतं, इथे झिंगेन-झांग-गेझुंगेन. ड्रिंक-ड्रँक-ड्रंकला ट्रिंकेन-ट्रांक-गेट्रुंकेन. तिसऱ्या रूपापुढचा हा 'गे' इंग्रजीतही होता, झिजत झिजत गेला. आतला स्वर बदलून काळ दाखवणाऱ्या अशा क्रियापदांना याकोब ग्रिमनं (परीकथा गोळा करणाऱ्या बंधूंपैकी थोरला) 'सबळ' म्हटलं आणि प्रत्यय चिकटवून काम भागवणाऱ्यांना 'दुर्बळ'.

चिंचोका:
म्हणजे 'वर्क' दुर्बळ आणि 'ड्रिंक' सबळ. जर्मन माणसाला अनुभव दांडगा.

दशांश_चिन्ह:
यावर एक झकास संशोधन आहे. हार्वर्डच्या मंडळींनी २००७ साली 'नेचर'मध्ये छापलं होतं. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यातली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ आहेत. बाकीच्यांनी मुकाट्यानं 'एड' लावून घेतलं. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आता कुणी म्हणतं का?

गंमत पुढे आहे. कोण आधी सुधारणार हे वापरावर ठरतं. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल तर ते दहापट वेगानं नियमित होतं. बी, हॅव, डू, गो, से ही रोज जिभेवर असतात म्हणून त्यांचा वेडेपणा टिकून आहे. पाटीताईंनी तक्ता छाटायचा तर याच हिशेबानं छाटावा. 'स्लिंग-स्लंग' आणि 'फोरसेक-फोरसेकन' दहावीच्या पोराला कशाला? 'टेक-टेकन' मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

दोन_चिमण्यांची_आई:
आमच्याकडे धाकटा सध्या "मी करलं", "बाबा ऑफिसला जाला" म्हणतो. मोठी त्याला हसते, पण त्या वयात तीही हेच म्हणायची. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही, म्हणजे बसला-हसला-पळलावरून नियम त्यानं स्वतःच काढलाय. इंग्रजी मुलं असंच 'गोड' आणि 'ईटेड' म्हणतात ना?

दशांश_चिन्ह:
अगदी. भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले शब्द देऊन हेच तपासलं होतं. त्यात एक क्रियापद होतं 'ग्लिंग'. काल त्यानं काय केलं, असं विचारल्यावर मुलं 'ग्लिंग्ड'कडे वळली. मोठ्यांपैकी अनेकजण मात्र सिंग-सँगच्या सवयीनं 'ग्लँग' म्हणाले. म्हणजे शहाणपणा वाढला तसा नियम मोडायचा धीर आला.

अमरकोशी:
'जाला' म्हणणाऱ्या चिमण्याची बाजू मी घेतो. 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गत'वरून, म्हणजे 'गम्'पासून. दोन वेगळ्या धातूंचा संसार आहे तो, लेकरानं ओळखायचा कसा? इंग्रजीतही 'वेंट' मूळचं 'गो'चं नाहीच. ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, 'गो'नं दत्तक घेतलेलं. केला, मेला हीसुद्धा कृत, मृतवरून आलेली. त्यामुळे आमची आजी "मेल्या, इकडे ये" म्हणायची तेव्हा ती भूतकाळवाचक धातुसाधिताचं संबोधन करत असे.

आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना क.भू.धा.वि. (कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण) आठवत असेलच. 'क्त' प्रत्यय. नियमानं गत, कृत, लिखित, आणि मग अपवादांची जत्रा: पच्-पक्व, शुष्-शुष्क, भिद्-भिन्न, वच्-उक्त, दा-दत्त. इंग्रजीच्या तक्त्याला घाबरणाऱ्यांनी एकदा ती यादी बघावी.

काळा_कोट:
शाळेत क.भू.धा.वि.चे सहा गुण हमखास मिळायचे. पुढे आयुष्यात फक्त 'दत्त' कामाला आला, तोही गुरुवारी.

आळशी_मांजर:
अवांतर: हॉटेलांच्या मेनूकार्डावरून 'एड' हद्दपार झालाय का? बॉईल एग, फ्राय राईस, ग्रिल सँडविच, रोस्ट पापड, मिक्स व्हेज. एकट्या 'लिमिटेड'चा एड कधी गळत नाही, कारण तिथे पैशांचा प्रश्न असतो.

न्यूजर्सीची_मावशी:
मांजरा, हसू नकोस, इकडे साहेबही तेच करतो. दुकानात 'स्किम मिल्क' लिहिलेलं असतं, खरं तर ते 'स्किम्ड'. 'आइस्ड टी'चा कितीतरी ठिकाणी 'आइस टी' झालाय. आणि 'आईस्क्रीम' तर मूळचं 'आइस्ड क्रीम'. व्यंजनांच्या गर्दीत तो 'ड' ऐकूच येत नाही, मग लिहिण्यातूनही जातो.

इकडचं दुसरं प्रकरण म्हणजे 'गॉटन'. भारतातून नवीन आलेले ते ऐकून नाक मुरडतात. पण ते रूप जुनंच आहे. ब्रिटिशांनी टाकलं, अमेरिकेनं ठेवलं. शिवाय इथे दोन्ही रूपांना वेगळी कामं आहेत. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटिशांकडे 'फर्गॉटन' अजून चालतंच की. आणि दशांशभाऊ, तुमचं संशोधन एकाच दिशेचं बोलतं. 'स्नीक'चं 'स्नीक्ड' सरळ होतं, आमच्या इथे त्याचं 'स्नक' झालं. 'डाइव्ह'चं 'डोव्ह'. साधी क्रियापदंही बिघडतात.

दशांश_चिन्ह:
मान्य, मावशी. 'डिग'ही बिघडलेलंच. १६११ च्या बायबलात 'डिग्ड' आहे, आज 'डग' सोडून दुसरं ऐकायला मिळत नाही. पण गणती केली तर वाहतूक 'एड'कडेच जास्त.

काळा_कोट:
आमच्या धंद्यात दोन तिसरी रूपं फार जपून वापरावी लागतात. 'हँग'चं तिसरं रूप चित्राला 'हंग', माणसाला 'हँग्ड'. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४(५) मध्ये 'हँग्ड बाय द नेक' हेच शब्द होते. तिथे कुणी 'हंग' टाइप केलं तर न्यायाधीश पेन खाली ठेवून बघतात. दुसरं 'प्रूव्ह'. कोर्टात आम्ही 'प्रूव्ह्ड' म्हणतो, जाहिरातवाले 'प्रूव्हन'. हे दुसरं स्कॉटलंडकडून आलं. तिथल्या न्यायालयांत 'नॉट प्रूव्हन' नावाचा दोषी आणि निर्दोष यांच्यामधला तिसरा निकाल कित्येक पिढ्या चालत होता.

रेघोट्या:
आणि 'लाय-ले'चं काय? माझं दर वेळी अडतं.

खडूस_मास्तर:
स्वतः पडून राहणं: लाय-ले-लेन. दुसऱ्याला ठेवणं: ले-लेड-लेड. खोटं बोलणं: लाय-लाइड-लाइड. कोंबडी अंडं 'लेज', आणि मग स्वतः 'लाइज'. पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा दिसतो, सगळा घोळ तिथे आहे. यावर पाठांतराशिवाय औषध नाही हे पुन्हा एकदा नमूद करतो.

आळशी_मांजर:
एका बायोडेटात वाचलं: "आय ॲम पास्ड आऊट इन २०१४." अजून शुद्धीवर आलेला दिसत नाही.

बर्लिनकर:
हा हा. बाहेरच्या देशात हे वाक्य खरंच तसंच ऐकलं जातं, 'पास्ड आऊट' म्हणजे बेशुद्ध. पण आपल्याकडे ते आलं कुठून, त्यालाही आधार आहे. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे 'पास आऊट'. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड अजून होतेच की. कॉलेजवाल्यांनी तेच उचललं. चूक आहे ती 'ॲम'ची. बायोडेटात सरळ 'ग्रॅज्युएटेड इन २०१४' लिहावं आणि मोकळं व्हावं.

दुभाषी:
धागा छान रंगलाय, पण पाटीताईंनी विचारलेला मुद्दा बाजूलाच राहिला: '-लेला'वरून शिकवताना कुठे फसायला होतं? मी भाषांतराचं काम करते, नवीन मुलांचे कच्चे मसुदे तपासते. त्यात हा '-लेला' रोज भेटतो.

आधी त्याचा फायदा. मराठी मुलाला दुसरं आणि तिसरं रूप वेगळं का, हेच कळत नाही, कारण आपला साधा भूतकाळ मुळात धातुसाधितच आहे. 'त्यानं चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, लेख लिहिला', क्रियापद कर्माच्या मागे जातं, कारण मुळात ते 'तेन पत्रं लिखितम्' आहे. तेव्हा 'लिहिलं' म्हणजे 'रोट' आणि 'लिहिलेलं' म्हणजे 'रिटन' ही जोडी मुलांना लगेच पटते. फुटलेली खिडकी, ब्रोकन विंडो. चोरलेली सायकल, स्टोलन बायसिकल. इथपर्यंत रस्ता सरळ.

आता खड्डे. आपला '-लेला' करणाऱ्यालाही लागतो आणि ज्यावर केलं त्यालाही. 'खाल्लेला आंबा' चालतं, 'जेवलेले पाहुणे'ही चालतं. इंग्रजीत नामाआधीचं तिसरं रूप, क्रियापद सकर्मक असेल तर, जवळजवळ नेहमी ज्यावर केलं त्याचंच असतं. एका मसुद्यात मी खरोखर 'द ईटन गेस्ट्स' वाचलंय. त्या वाक्यात पाहुणे जेवले नाहीत, कुणीतरी पाहुण्यांना जेवलं. तसंच 'साडी नेसलेली बाई'. तिथे 'वोर्न' नाही, 'अ वुमन इन अ सारी' किंवा 'वेअरिंग'. थोडे अपवाद आहेत: प्यायलेला माणूस 'ड्रंक', खूप वाचलेला 'वेल-रेड', शिकलेला 'लर्नेड'. हे अपवाद म्हणूनच शिकवायचे.

अकर्मक क्रियापदं आणखी चकवतात. 'पडलेली पानं' हे 'फॉलन लीव्ह्ज' बरोबर. निवृत्त झालेला अधिकारी 'रिटायर्ड', पळालेला कैदी 'एस्केप्ड'. मग मूल निर्धास्तपणे 'झोपलेलं बाळ' म्हणजे 'द स्लेप्ट बेबी' लिहितं. तिथे 'स्लीपिंग'. 'बसलेला माणूस' हा 'सिटिंग' किंवा 'सीटेड', 'सॅट मॅन' नव्हे. ज्यात काहीतरी बदलून पक्कं झालं (पडणं, वाढणं, निवृत्त होणं), तिथे तिसरं रूप बरेचदा चालतं. ज्यात माणूस नुसता त्या स्थितीत आहे किंवा काहीतरी करत होता (झोपणं, बसणं, हसणं), तिथे '-इंग' लागतं. सगळं यात बसत नाही. 'आलेली पत्रं' हे 'कम लेटर्स' होत नाही, 'द लेटर्स दॅट हॅव कम' असं लांबून जावं लागतं. पण वर्गात इतकं पुरतं.

तिसरा खड्डा काळाचा, तो वेगळा लिहिते, हे फार लांबलं.

बर्लिनकर:
दुभाषी, याला आमच्याकडून दुजोरा. जर्मनमध्ये पूर्ण काळासाठी काही क्रियापदं 'हाबेन' घेतात (हॅव) आणि काही 'झाइन' (बी). पडणं, जाणं, वाढणं 'झाइन'वाली. झोपणं 'हाबेन'वालं. आणि नामाआधी तिसरं रूप बसतं ते साधारण 'झाइन'वाल्यांचंच. इंग्रजीतही पूर्वी 'ही इज कम', 'ही इज फॉलन' असं म्हणत. त्यातलं 'इज गॉन' अजून उरलंय. आपल्या वर्तमानपत्री इंग्रजीतलं 'हर फादर इज एक्सपायर्ड' कानाला कसं तरीच लागतं, पण त्याचे पूर्वज इतके वाईट नव्हते.

अमरकोशी:
मला इथे उडी मारल्याशिवाय राहवत नाही. 'झोपलेला'साठी संस्कृतात 'सुप्त', बसलेल्यासाठी 'आसीन' (ते क्त नव्हे), उभ्यासाठी 'स्थित', गेलेल्यासाठी 'गत'. म्हणजे क्त करणाऱ्यालाही लागतो, आणि तो कुठे लागेल हे पाणिनीनं नेमकं सांगितलंय: अष्टाध्यायीतलं सूत्र ३.४.७२, गत्यर्थक, अकर्मक आणि आणखी काही धातू. म्हणजे 'स्लेप्ट बेबी' लिहिणारं पोर पाणिनीच्या दृष्टीनं पास आहे. आणि 'ईटन गेस्ट्स'चा भाऊबंदही व्याकरणकारांच्या चर्चेत आहे: 'पीता गावः', प्यालेल्या गायी, म्हणजे पाणी पिऊन झालेल्या.

चिंचोका:
पास्ड आऊट गेस्ट्स, ईटन गेस्ट्स, ड्रंक गेस्ट्स. कुठल्या लग्नाला गेला होतात तुम्ही लोक?

दुभाषी:
काळाचं. मराठीत "तो सिनेमा मी २००५ साली पाहिलेला आहे" हे वाक्य बिनबोभाट चालतं. मूल ते उचलून "आय हॅव सीन इट इन २००५" लिहितं. इंग्रजीत हॅव आणि तिसरं रूप एकत्र आलं की संपलेल्या काळाची तारीख-वार सांगायची बंदी. काल, गेल्या वर्षी, २००५ साली असं काही आलं की 'आय सॉ'. वेळ न सांगता नुसता अनुभव असेल तर 'आय हॅव सीन'. आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या ईमेलांमध्ये "आय हॅव सेंट द फाइल यस्टर्डे" रोज दिसतं. त्यामागे आपला '-लेलं आहे' आहे, आळस नव्हे.

पॅसिव्हमध्येही एक चकवा आहे. 'चोर पकडला गेला' यातल्या 'गेला'ला मुलं 'वेंट' समजतात. त्यांना आधीच सांगून टाकावं की तो 'गेला' कुठेही जात नाही, त्याच्या जागी 'वॉज'.

हेडफोनवाला:
एक गोष्ट कुणी बोललं नाही: उच्चार. पुण्यात कॉल सेंटरमध्ये होतो तेव्हा नवीन पोरांच्या तोंडून 'वर्केड', 'लव्हेड', 'आस्केड' ऐकू यायचं. ट्रेनर इंग्रजीतून 'व्हॉइस्ड-अनव्हॉइस्ड' समजावत बसायचा. मला वाटायचं, हे तर आपण मराठी शाळेत घोकलेलं आहे! घोष-अघोष. शेवटचा आवाज अघोष असेल (क, प, च, फ, स, श) तर 'एड'चा उच्चार ट: वर्क्ट, स्टॉप्ट, वॉच्ट, लाफ्ट, किस्ट, वॉश्ट. घोष असेल किंवा स्वर असेल तर ड: बेग्ड, जज्ड, लव्ह्ड, प्लेड. आणि शेवट मुळातच ट किंवा ड असेल तर मध्ये 'इ' घ्यावी लागते: वॉन्टिड, नीडिड. वर्णमालेचा तक्ता फळ्यावर टांगलेला असतोच, तोच दाखवायचा. स्पेलिंग बघायचं नाही, आवाज ऐकायचा. 'लाफ'च्या शेवटी जीएच दिसतं, पण आवाज फ, म्हणून ट.

अपवाद म्हणजे विशेषणं झालेली जुनी रूपं: लर्नेड प्रोफेसर, ब्लेसेड, विकेड, नेकेड. यांत 'इड' पूर्ण वाजतो.

खडूस_मास्तर:
हेडफोनवाले, हे फार उपयोगाचं आहे. शाळेत आम्ही मराठीच्या तासाला घोष-अघोष शिकवायचो आणि इंग्रजीच्या तासाला तेच विसरायचो. ही जोड लावणारा शिक्षक मी तरी पाहिला नाही. स्पेलिंगचंही एक: 'प्रिफर-प्रिफर्ड'मध्ये आर दोनदा, 'ऑफर-ऑफर्ड'मध्ये एकदा. आघात शेवटच्या अवयवावर असेल तर व्यंजन दुप्पट. 'ॲडमिटेड'मध्ये दोन टी, 'व्हिजिटेड'मध्ये एक. ब्रिटिश 'ट्रॅव्हल्ड'ला दोन एल लावतात, अमेरिकन एक, त्यात पडू नका. मुलानं एकच पद्धत शेवटपर्यंत पाळली तर गुण कापू नयेत.

दोन_चिमण्यांची_आई:
'बोअर' राहिलं. मोठी शाळेतून आली की जाहीर करते, "आय ॲम सो बोरिंग." आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गप्प बसतो.

निवांत_पाटी:
सगळ्यांचे आभार. आज वर्गात सुरुवात करून पाहिली. तक्ता बाजूला ठेवला, वर्गातल्याच वस्तू घेतल्या: तुटलेला बाक, पुसलेला फळा, बंद केलेली खिडकी, हरवलेली वही. ब्रोकन, वाइप्ड, क्लोज्ड, लॉस्ट. 'इज'च्या पुढे तेच रूप बसतं हे त्यांचं त्यांनाच सापडलं. मग मुद्दाम 'झोपलेला गणेश' विचारला. (गणेश मागच्या बाकावर खरंच झोपला होता.) 'स्लेप्ट गणेश' आलंच. दुभाषींचा खड्डा दाखवला, 'ईटन गेस्ट्स'वर वर्ग इतका हसला की गणेश जागा झाला. उच्चारांसाठी उद्या वर्णमालेचा तक्ता नेणार आहे. मास्तर, कुळांची यादीही देणार आहे, रागावू नका.

एका दादानं विचारलेलं मात्र अडलं. 'ही हॅज गॉन टू मुंबई' आणि 'ही हॅज बीन टू मुंबई' यात नेमका फरक काय? पुस्तकात दोन्हीचं मराठी 'तो मुंबईला गेला आहे' असंच दिलंय.

दुभाषी:
'गॉन' म्हणजे गेलाय आणि अजून तिकडेच आहे. 'बीन' म्हणजे जाऊन आलाय. दादांना कचेरीतलं उदाहरण द्या. साहेब कुठेत? 'ही हॅज गॉन टू द बँक', तर उद्या या. 'ही हॅज बीन टू द बँक', तर आत्ताच आत जाऊन सही घ्या.

रेघोट्या:
आणि साहेब जागेवर नाहीत, पण खुर्चीच्या पाठीला कोट अडकवलेला असेल तर?

खडूस_मास्तर:
मग 'ही इज सपोज्ड टू बी हिअर'. तेही तिसरंच रूप.